घाटनांदूरचा वीस पोत्यांचा दगड

मोगलाईत जाऊन आलो म्हटलं की नगरची मंडळी आधी विचारतात, रस्ते कसे आहेत. मग विचारतात, पाणी बाधलं का. मी तिकडे काय करायला गेलो होतो हे अजून कुणी विचारलेलं नाही. मी गेलो होतो एका माणसाला दोषी ठरवायला. तो माणूस मी कधी पाहिलेला नव्हता, तरी घरून निघालो तेव्हाच माझा त्याच्यावर राग होता. परत आलो तोही रागातच, पण तेव्हा त्या रागाचा धनी दुसराच होता.

झालं ते असं. मी नगरला सिमेंट विकणाऱ्या एका पेढीवर कारकून आहे. अक्षर बरं आहे, लिहिण्याची थोडी हौस आहे, म्हणून पेढीची पत्रकंही मीच लिहितो. निजामाच्या बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईच्या पुढे घाटनांदूर म्हणून गाव आहे. तिथे रेल्वे येणार म्हणून कापसाच्या एका व्यापाऱ्यानं मोठं गुदाम बांधायला काढलं होतं. कंत्राटदाराला तिकडे गुत्तेदार म्हणतात. त्या गुत्तेदारानं आमच्याकडून सिमेंट नेलं आणि महिन्याभरात त्याचं पत्र आलं की वीस पोती भिंतीला लागण्याआधीच दगड झाली, माल खराब आहे.

शेठजींनी पत्र माझ्यापुढे टाकलं. "माल चोख आहे. तिथल्या कुणा अडाणी गवंड्यानं नासवला असणार. जा, डोळ्यांनी पाहा, आणि गुत्तेदाराच्या सहीनं तसं लिहून आण."

ऐन उन्हाळ्यात, घरात पाहुणे असताना, एका अडाणी गवंड्यापायी मला मोगलाईत जावं लागणार होतं. बायकोनं दशम्या बांधून दिल्या. त्या बांधतानाही मी त्या गवंड्याच्या नावानं बोटं मोडत होतो.

नगर ते बीड

मोटार म्हणायची ती मोटार. बारा माणसांच्या जागी वीस, टपावर कोंबड्यांचे डालगे, आणि दर चढावाला उतरून ढकलायचं. आष्टीच्या अलीकडे सरहद्दीचा नाका लागला. तिथल्या कारकुनानं माझ्याजवळची नमुन्याची पिशवी उघडायला लावली. भुरक्या रंगाची ती पूड पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. हे काय, कशाचं, जकात बसते की नाही, त्याला काही कळेना. मी खिशातून आमचं पत्रक काढलं आणि पहिलंच वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं: "हा विलायती चुना आहे. चुन्याप्रमाणेच वापरावा, बळकटी मात्र चौपट."

"चुनाइच है ना?" कारकून म्हणाला. "फिर कायकू खोलना? जाने देव."

मी गालात हसलो. माल विलायती नव्हता, आपल्याच मुलखात पोत्यांत भरलेला होता. पण विलायती म्हटलं की गिऱ्हाईक थांबतं, आणि चुना म्हटलं की घाबरत नाही. हे वाक्य मी एका दुपारी पेढीवर बसून घासूनपुसून तयार केलं होतं. शेठजींनी त्याबद्दल माझी पाठ थोपटली होती. नाक्यावरही ते उपयोगी पडलं म्हणून मी पुढचे दोन कोस स्वतःवरच खूश होतो.

बीडला पोहोचलो तेव्हा अंगावरची धूळ झाडून एक सारवण झालं असतं. तिथे खाणावळीत जेवलो. आमच्याकडे आमटीत गूळ पडतो. तिकडे गुळाचं नाव नाही, आणि तिखट असं की डोळ्यांतून पाणी. वाढप्याला म्हटलं, जरा कमी तिखट नाही का. तो म्हणाला, "हे कमीच हाय, मालक."

नेकनूर

बीडपासून पुढे मी बैलगाडी केली. नेकनूर आलं आणि चाकाची लोखंडी धाव सैल होऊन निसटली. गाडीवान चाक घेऊन लोहाराकडे गेला आणि मी गावाबाहेर एका कडुलिंबाखाली बसलो. समोरच चुन्याची भट्टी होती. धूर नव्हता. भट्टीच्या तोंडाशी शेळी बांधलेली होती.

पन्नाशीची एक बाई तिथे गाठोडी बांधत होती. भट्टी तिची आणि तिच्या नवऱ्याची. जातीचे लोणारी, शेतातली चुनखडी वेचून आणायची आणि भाजायची हाच पिढ्यांचा धंदा. नाव कोंडाबाई. मी तंबाखूची पिशवी काढली, तर डबीतला चुना वाळून खडा झालेला. ते पाहून ती उठली, एका खड्ड्यावरचं ओलं गोणपाट बाजूला केलं आणि डबी भरून वर बोटावरही चुना दिला. लोण्यासारखा मऊ होता.

"कितीचा आहे हा?" मी विचारलं.

"दीड वर्साचा. भट्टीतला चुना लगीच वापरत न्हाईत, दादा. पान्यात टाकला की उकळी फुटती. उकळी निवली की झाकून ठिवायचा. जितका मुरंल तितका चिवट." ती पुन्हा गाठोड्याकडे वळली. "ह्यो घाटनांदूरच्या धोंडिबा मिस्त्रीसाठी ठिवलाता. वर्साच्या आतला चुना त्यो हातात धरत न्हाई. गाडी घिऊन सोता यायचा, बोटावर घिऊन बगायचा, मंग न्यायचा. औंदा आलाच न्हाई. सिमिट आलंय म्हनं तिकडं."

धोंडिबा मिस्त्री. गुत्तेदाराच्या पत्रात हेच नाव होतं. मी डबी खिशात घातली आणि विचारलं, गाठोडी कुठे चालली.

"रेल्वेच्या कामावर. खडी फोडाया. मुकादमानं उचललंय सगळ्यायला, मी, मालक, दोनी सुना."

"परत कधी?"

"मुकादम सोडंल तवा."

तिनं मला बसवून जेवू घातलं. ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी. डाळी-धान्य मसाल्यासकट भाजून दळून ठेवायचं आणि लागेल तेव्हा पाण्यात उकळायचं, असा तो येसर. आमच्याकडे हा प्रकार नाही. तो प्रवासात असावा असं मला वाटलं, आणि तिनं निघताना पुरचुंडी बांधूनही दिली. मी सिमेंटवाला आहे, हे मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. उलट गाडीत बसताना म्हणालो, "बाई, चुन्याचे दिवस संपले आता." जणू काही मी तिला नवी बातमी देत होतो. तिची भट्टी माझ्यासमोर थंड पडलेली होती आणि माझ्या पोटात तिची भाकरी होती. त्या बोलण्याची आज मला लाज वाटते.

घाटनांदूर

पुढे दोन दिवस गाडी. केजला मुक्काम, मग अंबाजोगाई. सरकारी कागदांत त्या गावाला मोमिनाबाद म्हणतात, पण तिथे मोमिनाबाद कुठे म्हणून विचारलं तर सरकारी माणूस की काय म्हणून माणूस आधी तुमच्या टोपीकडे बघतो. तिथून घाटनांदूरला पोहोचलो तेव्हा सकाळचं ऊन चढत होतं.

गुत्तेदारानं खुर्ची दिली, चहा दिला आणि काम दाखवायला नेलं. गृहस्थ हौशी. फळ्यांचे साचे, लोखंडी कांबी, खडी मोजायची घमेली, सगळं हात लावून दाखवत होता. "पूर्वी भिंतीला हात लागायचा, साहेब. आता माप लागतं. इतकी खडी, इतकी वाळू, इतकं सिमिट. साच्यात वतायचं आन् फळ्या काढायच्या. मिस्त्री कशाला पायजे? एक मुकादम आन् चाळीस हजेरीची मान्सं. पटलं न्हाई तर उद्या दुसरी चाळीस."

त्या चाळिसांतली निम्मी माणसं आजूबाजूच्या खेड्यांतली गवंडीच होती. ती आता डोक्यावर घमेली वाहत होती. एका कडेला चुना दळायची जुनी घाणी होती. चाक फिरायचं तो गोल चर कचऱ्यानं भरला होता आणि दगडी चाक कुणीतरी उभं करून त्याला दोरी बांधून धोतरं वाळत घातली होती.

गुत्तेदाराच्या खोपीत, आत शिरलं की समोरच दिसेल अशा खिळ्याला, एक थापी आणि ओळंबा टांगला होता. थापीची लाकडी मूठ झिजून बोटांचे खळगे पडलेले.

"ही त्याची," गुत्तेदार म्हणाला. "काढून घेतली. आधी वाटलं माल खराब, पन बाकीची पोती चांगली निघाली. वीस पोती मातीत घातली त्यानं. चला, दाखवतो."

गुदामामागे चुना भिजवायचा हौद होता, पाच हात लांब, दोन हात रुंद नि जेमतेम हातभर खोल. तो काठापर्यंत एकसंध दगडानं भरला होता. वरच्या सपाट भागावर कामावरच्या बायका धुणं आपटत होत्या. दुसऱ्या टोकाला साठीचा एक वाळकासा माणूस घण घेऊन तो दगड फोडत होता. अख्ख्या महिन्यात त्यानं हातभर फोडला असेल. हीच त्याची शिक्षा. आपण केलेला दगड आपणच फोडायचा.

गुत्तेदार गेल्यावर मी पुढे होऊन पेढीचं नाव सांगितलं. धोंडिबा मिस्त्रीनं घण खाली ठेवला, तळहाताचे फोड धोतराला पुसले आणि म्हणाला, "माल चांगला हाय तुमचा. तुटत न्हाई."

शेठजींना हेच लिहून हवं होतं. मला मात्र त्या क्षणी तिथून निघून जावंसं वाटलं.

"भिजत का घातलं, मिस्त्री?"

"तुमी कावून इचारता? तुमच्याच कागदावर हाय." त्यानं पटक्याच्या घडीतून एक कागद काढला. घामानं पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला. "मला वाचता येत न्हाई. म्हनून पाटलाच्या कारकुनाकडून वाचून घेतला. त्यो चुकंल म्हनून मास्तरकडून बी वाचून घेतला. दोगांनी येकच सांगितलं. चुन्यापरमानं वापरावा. मी चाळीस वर्सं चुना वापरला. भिजवल्याबिगर कसा वापरनार? हौदात वतलं, पानी सोडलं, वरून गोनपाट टाकलं. उकळी फुटली न्हाई, तवा जरा पाल चुकचुकली. पन म्हनलं, विलायती हाय, थंड असंल. आठ दिस मुरू दिलं. नवव्या दिशी गोनपाट काडलं तर ह्ये."

अक्षर छापखान्याचं होतं. वाक्य माझं होतं.

तीन दिवस मी कोंडाबाईच्या खड्ड्यातला तो मऊ चुना तंबाखूला लावत आलो होतो. चुना म्हणजे भिजवायचा, मुरवायचा, हे ती मला तोंडानं सांगत होती आणि बोटावर देत होती; तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी जन्मात कधी चुना कालवला नव्हता, सिमेंटही नाही. पेढीवर गादीला टेकून मी चुन्याबद्दल वाक्य लिहिलं होतं.

"मंग चुकलं कोन?" धोंडिबानं विचारलं. तो मला टोचत नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं.

मी म्हणालो, "बघू." माझ्या भित्रेपणाचा असा राग मला त्याआधी कधी आला नव्हता.

संध्याकाळी गुत्तेदारानं तयार केलेला कागद पुढे ठेवला. मिस्त्रीच्या अडाणीपणामुळे माल नासला, असा मजकूर. खाली त्याची सही, माझी व्हायची. म्हणजे पेढीचा माल चोख ठरणार, गुत्तेदार व्यापाऱ्याच्या भरपाईतून मोकळा होणार, आणि कागदाची नक्कल आसपासच्या सगळ्या मुकादमांना जाणार. पुन्हा कुठल्याही कामावर कुणी धोंडिबाच्या हातात थापी देणार नव्हतं.

"सही उद्या करा," गुत्तेदार म्हणाला. "उद्या गुदामाची चौकट बसायची हाय. गाव जमंल. चारचौघांत वाचून दाखवा, म्हंजी झालं."

चौकट

दाराची चौकट उभी करायची म्हणजे आमच्याकडेही पूजा असते. हळदकुंकू, नारळ, आणि ज्यानं भिंत वर आणली त्या मुख्य गवंड्याला फेटा. त्याच्या आयुष्यात असे किती फेटे झाले, यावर गवंड्याची पत ठरते. घाटनांदूरला तर धोंडिबाच्या घरी फेट्यांची पेटीच आहे, असं एका घमेलं वाहणाऱ्या बाईनं मला सांगितलं होतं.

सकाळी सगळे जमले. व्यापारी होता, पाटील होते, चाळीस हजेरीची माणसं घमेली खाली ठेवून उभी होती. हौदाकडून घणाचा आवाज येत होता. धोंडिबाला कुणी बोलावलंच नव्हतं. चौकट बसली, नारळ फुटला. गुत्तेदारानं ताटातला गुलाबी फेटा उचलला, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि सरळ माझ्याकडे आला.

"सिमिट ज्यांनी आनलं, त्यांचा मान," असं म्हणून त्यानं तो माझ्या डोक्याला गुंडाळला. मग तो कागद माझ्या हातात दिला. "वाचा."

जन्मात मी एक वीट रचलेली नाही. त्या उन्हात, गवंड्यांच्या पुढ्यात, गवंड्याचा फेटा बांधून मी उभा होतो, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तो मला व्यवस्थित बसला होता. मागे घणाचा एक घाव पडला. मग आणखी एक.

मी कागद वाचला नाही. मी म्हणालो, "धोंडिबा मिस्त्रीला बोलवा. तो आल्याशिवाय वाचणार नाही." कुणीतरी धावलं. तो आला, हाताला दगडाची भुकटी लागलेली. मग मी सांगितलं, पत्रक मी लिहिलंय. चुन्याप्रमाणे वापरा हे वाक्य माझं आहे आणि ते खोटं आहे. सिमेंट भिजत ठेवायचं नसतं, ते कालवल्या कालवल्या वापरून संपवायचं असतं. हे पत्रकात लिहिलेलं नाही, कारण मला ते लिहावंसं वाटलं नाही. चुन्यासारखं म्हटलं की माल लवकर खपतो. मिस्त्रीनं कागदात होतं तसंच केलं. दोष माझा आहे.

व्यापाऱ्यानं घसा खाकरला. गुत्तेदाराचं तोंड लाल झालं.

"काय बे," तो म्हणाला, आणि चहापासून चाललेलं साहेब तिथेच संपलं, "गावात तमाशा कराया आलतास का? त्यानं दगड केला का न्हाई? केला ना? मंग? तसं बी मला मिस्त्री नकोच हाय."

मला वाटलं होतं, खरं बोललं की काहीतरी बदलेल. त्याला काहीही फरक पडला नाही. साच्यात ओतायला चाळीस माणसं उभी होतीच. मी चिडलो होतो, पण तो राग त्याच्यावर किती आणि स्वतःवर किती, हे मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. त्याचा कागद मी चार तुकडे करून खाली टाकला. डोक्यावरचा फेटा सोडला आणि धोंडिबापुढे धरला.

त्यानं हात पुढे केला नाही.

"ही भीत मी बांधली न्हाई," तो म्हणाला. "फेटा कावून घिऊ?"

मग तो गुत्तेदाराच्या अंगावरून सरळ खोपीत गेला आणि खिळ्याची थापी आणि ओळंबा काढून घेतला. त्याला कुणी अडवलं नाही. घमेलं वाहणारे गवंडी बाजूला सरकून वाट देत होते. त्यांतला एक म्हातारा वाकला आणि त्याच्या पायाला हात लावून पुन्हा आपल्या घमेल्याशी जाऊन उभा राहिला.

जाता जाता धोंडिबा माझ्यापाशी थांबला. मला वाटलं, आता शिव्या देईल. त्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"पानी घातल्यावर किती येळ मिळतो?" त्यानं विचारलं.

"घटका. फार तर दोन."

"आन् उरलं तर?"

"टाकून द्यायचं. पुन्हा पाणी घालून वापरायचं नाही."

त्यानं मान हलवली. बोटं चोळून, हातात नसलेला माल तो अजमावत होता. "एवडंच?" तो म्हणाला. "एवडंच लिवायचं व्हतं."

मी तिथेच गुत्तेदाराच्या दौतीत टाक बुडवून एका कागदावर लिहिलं की चूक पत्रकाची आहे, मिस्त्रीची नाही. खाली पेढीचं नाव आणि माझी सही. जिथे काम मागशील तिथे हा दाखव म्हणालो. त्यानं तो घेतला, जुन्या पत्रकाबरोबर पटक्याच्या घडीत ठेवला आणि म्हणाला, "दोगांकडून वाचून घेतो."

परत

येताना नेकनूरला मुद्दाम थांबलो. कोंडाबाईला सांगायचं होतं की मी कोण आहे. शेळी नव्हती, गाठोडी नव्हती. चुन्याच्या खड्ड्यावरचं गोणपाट मात्र ओलं होतं. ती आदल्या दिवशीच गेली असावी आणि जाण्याआधी तिनं त्यावर पाणी मारलं असावं. मी जवळच्या विहिरीवरून दोन बादल्या आणून त्यावर ओतल्या आणि गाडीत बसलो.

शेठजींनी माझा अहवाल वाचला आणि चष्मा काढला. रागावले नाहीत. माल चोख ठरला होता, एवढं त्यांना पुरे होतं. कोपऱ्यात छापखान्यातून आलेला पत्रकांचा नवा गठ्ठा पडला होता. वर तेच वाक्य. मी म्हणालो, हे बदलायला हवं. ते म्हणाले, "हे वाक्य खपतं. पुढच्या छपाईला पाहू."

नोकरी मी सोडलेली नाही. सोडली असं लिहिता आलं असतं तर हे वर्णन अधिक बरं दिसलं असतं. माझ्या हातून जाणाऱ्या प्रत्येक पत्रकावर मी शाईनं ते वाक्य खोडतो आणि खाली दोन ओळी लिहितो. हाताबाहेर जी जातात ती तशीच जातात. गुलाबी फेटा ट्रंकेत तळाशी आहे. बायको विचारते, कुठे मिळाला, आणि मी म्हणतो, घाटनांदूरला राहिलेला होता, आणला.

सिमेंट हा चुना नव्हे. त्याला भिजत घालू नये. घटकेत संपेल इतकंच कालवावं, उरलं तर टाकून द्यावं.

एवढंच लिहायचं होतं.